बाईसाहेबांच्या बाटल्या

आमच्या घरातलं सगळ्यांत लहान माणूस चौदा महिन्यांचं आहे, आणि घरात सगळ्यांत जास्त बाटल्या त्याच्याच नावावर होत्या. आम्ही तिला बाईसाहेब म्हणतो. बारशाचं छानसं नाव आहे, पण ते डॉक्टरांच्या फायलीपुरतं. घरात ती पाय आपटते आणि चार मोठी माणसं धावतात, तेव्हा बाईसाहेब हेच बरोबर.

बाईसाहेब आजारी नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. वजन बरोबर, दात वेळेवर, चालणं जरा झोकांड्या खात पण स्वतःच्या पायांवर. डॉक्टरीणबाईंनी दोनच गोष्टी लिहून दिल्या होत्या. जन्मल्यापासून व्हिटॅमिन डीचं औषध, रोज एक मिली, आणि सहा महिन्यांनंतर लोहाचं. बाकी घरात शिजेल ते मऊ करून भरवा, असं म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं. एवढीशी चिठ्ठी बघून माझ्या भावाचं तोंड उतरलं. शेजारच्या बाळाला सहा बाटल्या चालू होत्या. आपल्या मुलीत काय कमी म्हणून तिला दोनच?

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. टायरच्या कारखान्यात तपासनीस आहे. दिवसभर टायरवर बोट फिरवायचं, खोट शोधायची आणि तक्त्यात खूण करायची. ज्याच्यापुढे खूण नाही तो टायर झालाच नाही, असं त्याचं ठाम मत. मुलगी झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यानं फ्रिजच्या दारावर तक्ता चिकटवला. उभ्या रकान्यात माणसं, आडव्या रकान्यात बाटल्या. ज्यानं पाजलं त्यानं खूण करायची. मुलगी अजून पास व्हायची होती.

भावजय विम्याच्या कचेरीत आहे. जे घडलेलं नाही त्याची काळजी करण्याचा तिला पगार मिळतो, आणि कामाला ती इतकी पक्की की घरी आल्यावरही ओव्हरटाइम करते. तिच्या फोनवर आयांचा एक गट आहे. तिथं कुणाचं तरी बाळ तेराव्या महिन्यात बारा शब्द बोललं, कारण त्याला माशाचं तेल चालू होतं. आमच्या बाईसाहेबांकडे शब्द दोनच, ‘दे’ आणि ‘नको’, आणि दोन्ही कधी वापरायचे ते त्यांना पक्कं ठाऊक. माझ्या मते एवढ्या भांडवलावर माणसाचा जन्म निघतो. पण माझं मत कोण विचारतो? माशाचं तेल आलं.

धावणाऱ्या चौघांतली तिसरी म्हणजे आजी, भावजयीची आई. आईबाप कामावर गेले की त्या येतात आणि संध्याकाळपर्यंत नातीला सांभाळतात. आजींनी आयुष्यात एक वस्तू फेकलेली नाही. बाटली संपली की तिचा ड्रॉपर धुवायचा, उकळायचा, पुसायचा आणि खिडकीतल्या पेल्यात उभा करायचा. लोकांच्या पेल्यात पेनं असतात, आमच्याकडे ड्रॉपर.

आणि चौथी मी. वरच्या मजल्यावर एका खोलीत राहते, जेवायला खाली असते. बावीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरला आहे. पदवीबिदवी काही नाही. खोकी उचलायला म्हणून लागले आणि खोक्यांवरचं वाचत वाचत शिकले. लोक वर्तमानपत्र वाचतात तशी मी बाटलीसोबतची कागदं वाचते, अगदी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. त्यामुळे घरात माझा दर्जा बिनपदवीच्या डॉक्टरणीचा. कुणाला शिंक आली तरी आधी ‘ताईला विचार’. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आता एक गोष्ट लक्षात घ्या. त्या बाटल्या काही आकाशातून पडत नव्हत्या. मीच पिशवीतून आणायचे आणि टेबलावर ठेवताना नाक मुरडायचे. आणायचं मीच आणि हसायचंही मीच. बुद्धीच्या औषधाच्या खोक्यावर चष्मा लावलेल्या बाळाचा फोटो होता. ज्या औषधानं वर्षाच्या आत चष्मा लागतो ते मुलीला कशाला, असं मी विचारलं. सगळे हसले, आणि जेवण झाल्यावर एक चमचा पाजला. मग कॅल्शियम आलं, झिंक आलं, संत्र्याच्या चवीचं एक आलं, जे बाईसाहेबांना आवडायचं म्हणून भाऊही गुपचूप चाटायचा. तक्त्यात माझा रकाना नव्हता. मीच नको म्हटलं होतं. मी या सर्कशीत नाही, असं मोठ्या ऐटीत सांगितलं होतं.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, तर फार तर बाईसाहेबांना संत्र्याची शिसारी आली असती. पण डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलं व्हिटॅमिन डी बाजारातून गायब झालं. दुकानात तेव्हा तापाची साथ. काउंटरपुढे माणसांच्या तीन रांगा, प्रत्येकजण खोकत माझ्याच तोंडावर. मालकांनी दुसऱ्या कंपनीचं मागवलं होतं, त्यातली एक बाटली मी घरासाठी काढली. अंगठ्याएवढी बाटली, पण खोकं मोठं. ते एप्रनच्या खिशात मावेना. म्हणून खोकं तिथंच टोपलीत टाकलं, आतल्या कागदासकट, आणि नुसती बाटली खिशात घातली.

जेवताना ती टेबलावर ठेवली. भावजयीनं विचारलं, ताई, हे तेच का, बाटली केवढीशी दिसतेय. माझ्या तोंडात घास होता. तेच आहे, मी म्हटलं, कंपनी बदलली की बाटली बदलते, पूर्वीसारखंच द्या.

भावानं ती हातात घेऊन उजेडात धरली. तोंडाला आतून पांढरं बूच होतं. बाटली उलटी केली तर आधी काहीच नाही, मग एक थेंब, मग पुन्हा काही नाही. त्यानं घड्याळ लावून पाहिलं आणि खोट सापडली. या वेगानं एक मिली भरायला मुलगी शाळेत जाईल, असं म्हणून त्यानं पक्कड आणली आणि बूच उपटून काढलं. त्या रात्री जेवायला थांबलेल्या आजींनी पेल्यातून जुन्या औषधाचा ड्रॉपर दिला. तो मापून केल्यासारखा आत गेला. भाऊ इतका खूश झाला की त्यानं लगेच बसून कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिलं, कारखान्यात लिहितात तसं, मुद्दे घालून. एका टेबलाभोवती तीन हुशार माणसं आणि एक अतिहुशार. अतिहुशार माणसानं ताटावरून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तक्त्यात खुणा पडू लागल्या. एकही चुकली नाही. त्या बाबतीत आमचं घर वाखाणण्यासारखंच.

तिसऱ्या आठवड्यात बाईसाहेबांनी जेवण सोडलं. उसळून नाही, नुसतं तोंड फिरवून. उकडलेला बटाटा जो त्या स्वतःच्या केसांना लावून उरलेला खायच्या, तो वाडग्यात तसाच राहू लागला. पाणी मात्र सारखं लागायचं. पेला हातातून सुटत नव्हता, आणि लंगोट बदलून बदलून आजींचे हात दुखले. पोट साफ होईना. दुपारभर किरकिर. दोन शब्दांपैकी ‘दे’ फक्त पाण्यापुरता उरला, बाकी दिवस ‘नको’वर निघायचा.

जेवत नाही म्हटल्यावर आमच्यासारख्या घरानं काय करावं? भुकेची बाटली आणावी. पोट साफ होत नाही, पोटाची बाटली आणावी. जेवत नाही म्हणजे ताकद जाणार, ताकदीची बाटली आणावी. तक्ता पुरेना म्हणून भावानं खाली दुसरा कागद जोडला. मी बाटल्या आणल्या आणि म्हटलं, दात येतायत. बावीस वर्षं काउंटरवर मी हेच सांगत आलेय. दातांवर ढकललं की आया शांत होतात. मुलाला खरोखर दात येत असतोच कुठला तरी, त्यामुळे आपण खोटेही पडत नाही.

डॉक्टरांकडे जाऊ, असं भावजय दोनदा म्हणाली. भाऊ म्हणाला, जाऊ, पण वजन थोडं भरू दे, नाहीतर त्या या सगळ्या बाटल्यांवरून बोलतील. नापास होऊ म्हणून परीक्षेलाच न बसणारी मुलं असतात, तसे हे आईबाप. आणि मी त्यांची मोठी बहीण, परीक्षा पुढे ढकलली म्हणून मान डोलावणारी.

एका संध्याकाळी मी भांडी पुसत होते. भावजय ओट्यापाशी आली आणि नळ सोडून, त्या आवाजाआड बोलली.

“ताई, ती हसत नाहीये. चार दिवस झाले.”

“हसेल गं,” मी म्हटलं. “भुकेचं आणलंय ना.”

तिनं नळ बंद केला आणि गेली. मुलीचं झबलं तिनं मागच्या बाजूनं पिनेनं आवळलं होतं, खांद्यावरून घसरत होतं म्हणून. ते मला दिसलं होतं. दिसलेलं सगळं माणूस वाचतो असं नाही.

आता मालकांविषयी. आमचे मालक दिवसात मोजून पंधरा वाक्यं बोलतात, त्यातली दहा फोनवर. त्या दिवशी सकाळी मी फळीवरून पुन्हा तीच छोटी बाटली काढली आणि नेहमीप्रमाणे कंपनीच्या नावानं पुटपुटले की दहा दिवसांत संपते म्हणजे लुटालूटच आहे. तीन संपल्या होत्या, चौथी तळाला गेली होती, ही पाचवी; दरवेळी खोकं मी दुकानातच टाकून द्यायचे. मालकांनी चष्म्यावरून पाहिलं.

“घरी जुळं आहे का, ताई?”

“नाही हो. एकच.”

“मग काय, आंघोळ घालता का यानं? एक बाटली दहा महिने जाते.”

मी हसले, कारण मालक विनोद करतात तेव्हा हसायची पद्धत आहे. मग हसणं मध्येच राहिलं. मी खोकं फोडलं, कागद काढला, काउंटरवर उलगडला. पुढे एक माणूस खोकल्याचं औषध मागत होता, त्याला मी थांबा म्हटलं. कागदावर चित्र होतं. उलटी धरलेली बाटली आणि तिच्याखाली एक थेंब. रोज एक थेंब, असं ठळक अक्षरात लिहिलेलं, माझ्यासारखीला बारीक ओळीपर्यंत जायचीही गरज नव्हती. त्या जुन्या ड्रॉपरमध्ये असे तीस थेंब मावतात, हे मला त्या क्षणी कुणी सांगावं लागलं नाही. महिन्याभराचं औषध आम्ही रोज पाजत होतो, चाळीस दिवस, खुणा करून.

खाली लिहिलं होतं, जास्त झाल्यास भूक मंदावणे, फार तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, चिडचिड, वजन घटणे. कुणीतरी आमच्या घरात महिनाभर राहून जावं आणि मग लिहावं तसं.

एप्रन न काढता, कागद मुठीत धरून मी घरी पळाले. दोन रस्ते आणि एक वळण, पण त्या दिवशी कुणीतरी मध्ये आणखी घरं बांधून ठेवली होती. दार उघडंच होतं. आजी पलंगावर बसल्या होत्या, मांडीवर बाईसाहेब, हातात भरलेला ड्रॉपर. बाईसाहेबांनी ओठ गच्च मिटले होते आणि मिटल्या ओठांतूनच ‘नको’ चाललं होतं. आजींनी प्रेमानं, अगदी दोन बोटांनी, तिचं नाक धरलं होतं. घरात एकटीलाच अक्कल होती. ती महिनाभर सांगत होती, आणि आम्ही तिचं नाक धरत होतो.

मी ड्रॉपर काढून घेतला. काय झालं ताई, आजींनी विचारलं. दोघांना कामावरून बोलवा आणि सगळ्या बाटल्या पिशवीत भरा, एवढंच मी बोलले.

डॉक्टरीणबाईंनी बाटल्या टेबलावर ओळीनं मांडल्या. अकरा झाल्या. तुमचं दुकान इकडे हलवलंत का, त्यांनी विचारलं, आणि त्यात हसू नव्हतं. दहा बाटल्या त्यांनी एका बाजूला सारल्या, एक छोटी हातात ठेवली, मुलीचं बोट टोचलं, दंडातून रक्त काढलं. दुपारपर्यंत उत्तर आलं. रक्तातलं कॅल्शियम फार वर गेलं होतं. आजच भरती करायचं, सलाईन लावायचं, मूत्रपिंडावर लक्ष ठेवायचं. बरी होईल, त्या म्हणाल्या. आणखी दोन आठवडे गेले असते तर, असंही म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य त्यांनी आमच्यावर सोडलं. भावजय मुलीला छातीशी धरून उभी होती, तिनं ते वाक्य मनात पूर्ण केलेलं मी पाहिलं.

मग त्यांनी विचारलं, हे तुम्ही कशानं मोजत होतात?

भावानं पिशवीतून ड्रॉपर काढला. त्याच्यावरच्या रेघा पाहिल्या, बाटली पाहिली, माझ्या हातातला कागद पाहिला. खोट शोधणं हा त्याचा धंदा आहे. त्याला ती सापडली.

“आई, किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला, जुने ड्रॉपर फेकून द्या म्हणून.”

आजींनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“मी धुऊन घेतला होता,” त्या म्हणाल्या.

भावजयीनं नवऱ्याकडे पाहिलं. पक्कड कुणी आणली होती, ते तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं. तिघं एकमेकांकडे बघत होते. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. जिला कळतं तिच्याकडे कशाला बघायचं? आणि खरं सांगते, मी गप्प राहिले. ड्रॉपर आजींचा, पक्कड भावाची, खुणा तिघांच्या. माझी काय ती पिशवी. बावीस वर्षांचं नाव एका मिनिटाच्या गप्प बसण्यानं वाचत होतं, आणि मोबदल्यात एक म्हातारी बाई उरलेला जन्म ‘मी धुऊन घेतला होता’ म्हणत राहिली असती. स्वस्तात पडत होतं.

बाईसाहेबांनी आईच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं काही केलं नाही. हसल्या नाहीत.

“मी सांगितलं होतं,” मी म्हटलं. “पूर्वीसारखंच द्या, असं मीच म्हणाले. याच्यातला कागद मी दुकानातच टाकून दिला. वाचला नाही.”

डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं. भावजय माझ्याकडे वळली.

“तुम्ही तर सगळं वाचता, ताई.”

एवढंच. त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणं बंद केलं. ती ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं, मनात चार उत्तरंही तयार झाली असती.

तीन दिवस बाईसाहेब मुलांच्या वॉर्डात होत्या. हाताला पट्टी, पट्टीवर परिचारिकेनं काढलेला ससा. तिसऱ्या दिवशी सकाळी आजींनी दुधाशिवाय, नुसत्या पाण्यात भिजवलेलं बिस्कीट पुढे केलं. बाईसाहेबांनी ते बराच वेळ तपासलं, बापाची मुलगी ना, आणि मग म्हणाल्या, दे. भावजय भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भाऊ पट्टीवरच्या सशाकडे फार लक्ष देऊन बघू लागला. मी दारात होते. आत यायला कुणी नाही म्हटलं नव्हतं.

घरी आणल्यावर सगळं बंद झालं. डी बंद, लोह पुढच्या तपासणीपर्यंत बंद, दूधसुद्धा मोजून, आठवड्याला रक्त. भावजय एका सकाळी वर आली, अकरा बाटल्यांची पिशवी माझ्या पलंगावर ठेवली आणि एवढंच म्हणाली, ही तुमची. मी हो म्हटलं. खालून जेवायला बोलावणं येईना, मीही गेले नाही. वर स्टोव्हवर एकटीपुरतं शिजवायला लागले आणि कळलं की मला स्वयंपाक येतो असं जे घरात म्हणत, तेही बहुधा माझ्या ज्ञानासारखंच होतं.

चौथ्या दिवशी आजी पायऱ्या चढून आल्या, हातात तो पेला. सगळे ड्रॉपर त्यात उभे, स्वच्छ. तुम्हीच टाका, त्या म्हणाल्या, माझ्यानं होत नाही. मग पलंगाच्या कडेला बसल्या. तुम्ही डॉक्टरांकडे बोललात ते बरं केलंत, असं काहीतरी म्हणतील म्हणून मी तयार झाले. त्या म्हणाल्या, या खोलीत उजेड बरा आहे. आणि उतरून गेल्या.

दुकानात मी आता प्रत्येक आईबापाला कागद मोठ्यानं वाचून दाखवते. चित्र दाखवते, थेंब दाखवते, समजलं का विचारते, त्यांच्याकडून परत म्हणवून घेते. रांग दारापर्यंत जाते. मालक म्हणाले, ताई, हे दुकान आहे, वाचनालय नाही. म्हणजे त्या दिवसाच्या पंधरांतलं एक वाक्य माझ्यावर खर्च झालं.

आणि भाऊ. त्याचा फ्रिज मोकळा झाला होता. तक्त्याशिवाय तो माणूस आठवडाभर घरात असा फिरला, जणू कुणी त्याचं घड्याळ काढून घेतलंय. मग एका संध्याकाळी वर आला आणि दारातच म्हणाला, खाली चल, सही करायची आहे.

फ्रिजवर नवा कागद होता. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘आज काहीही पाजलं नाही’. खाली तारखा. आई, बाबा, आजी असे तीन रकाने, रोज तिघांच्या खुणा. काही न दिल्याची नोंद ठेवणारं आमचं घर जगात एकटंच असेल. आणि चौथा रकाना नवा, पट्टीनं आखलेला. त्यावर लिहिलं होतं, आत्या.

“रोज यायचं खाली,” भाऊ म्हणाला. “खूण नसेल तर तू काहीतरी पाजलंस असं धरेन.”

टेबलापाशी भावजय बाईसाहेबांना बटाटा भरवत होती. निम्मा पोटात जात होता, निम्मा पुन्हा पूर्वीसारखा केसांत. ती माझ्याकडे बघत नव्हती. वाडग्यात चमचा फिरवत मुलीलाच म्हणाली, “पेन तुझ्याकडे आहे ना? दे आत्याला.”

पेन बाईसाहेबांच्या मुठीत होतं, बटाट्यानं माखलेलं. मी हात पुढे केला आणि म्हटलं, दे.

त्यांनी पेनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ते पाठीमागे लपवलं आणि सगळे दात दाखवून हसल्या.

“नको.”

मी हात पुढे करून तशीच उभी राहिले. भावजयीनं शेजारची खुर्ची पायानं थोडी बाहेर ढकलली, तेव्हा बसले. घाई कशाचीच नव्हती. पाजायचं काहीच नव्हतं.